पत्रा, पंखा आणि घाट

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या डोंगरांत उभा आहे. १६३१ सालीं मोगल सरदार आझमखानानें तो निजामशाहीकडून घेतला. त्या घाटाच्या चढणीनें आजवर बैलांचा कस पाहिला, पुढें स्कूटरचाही पाहिला.

मोटारसायकलचें एंजिन उघडें असतें. धांवतांना लागणारा वारा सिलिंडरवरील पात्यांची उष्णता घेऊन जातो. चढावर मात्र श्रम वाढतात, वेग मंदावतो, आणि वारा नेमका हवा तेव्हांच पडतो! इटलींतील कोरादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येंतला. १९३० सालीं त्याच्या हेलिकॉप्टरनें उड्डाण केलें होतें. १९४६ च्या 'व्हेस्पा'चें एंजिन त्यानें पत्र्याखालीं झांकलें, तें स्वाराच्या कपड्यांस तेल लागूं नये म्हणून. पण झांकलेल्या एंजिनास वारा कोठून मिळावा? त्यासाठीं गतिचक्रासच पंखा जोडला, आणि सिलिंडरभोंवतीं आंतलें कवच बसवून तो वारा पात्यांमधून नेला. गाडी उभी असली तरी एंजिन चालू असेतों पंखा फिरतोच. आकुर्डीच्या बजाज कंपनीची १९७२ ची 'चेतक' याच धर्तीची.

पत्रा काढला कीं एंजिन थंड राहतें, ही समजूत अर्धीच खरी आहे. बाहेरचें रंगीत झांकण काढल्यानें फारसें बिघडत नाहीं; आंतलें कवच काढलें तर मात्र वारा सैरावैरा जातो, एंजिन अधिकच तापतें आणि भर घाटांत दट्ट्या अडकून बसतो. जुने स्वार म्हणूनच कवचास हात न लावतां खालच्या गियरांत चढत. गाडी हळू चाले, पण पंखा जोरानें फिरे.