नाव सांगा, पत्ता नको

जुन्या फारसी आणि दखनी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द एकटाच लिहिलेला आढळतो. पाने सुटली, विस्कटली, तरी त्या शब्दावरून ती पुन्हा लावता येत. ज्ञानेश्वरीचा हवाला देताना आपणही अध्याय आणि ओवी सांगतो, पान सांगत नाही. पान छापखान्यागणिक बदलते.

हीच युक्ती संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही वापरली. प्रोग्रामचा सुटा, पुन्हा वापरता येणारा भाग म्हणजे मॉड्यूल. तो कसा वापरावा हे सोबत लिहून ठेवावे लागते, आणि त्यात वारंवार ‘यासाठी अमुक मॉड्यूल पहा’ असे सांगावे लागते. कवीने यात कशाला पडावे? माझा भाचा या धंद्यात आहे. ‘मामू, तुमच्या वृत्तांपेक्षा आमचे नियम सोपे,’ म्हणत त्यानेच मला यात ओढले.

युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी तयार केली. प्रत्येक नोंदीचा साचा ठरलेला : नाव, वापर, वर्णन आणि खाली ‘हेही पहा’. नावापुढे कंसात विभागाचा आकडा. कारण ‘सीएचमॉड’ नावाची आज्ञा पहिल्या विभागात होती, आणि त्याच नावाने प्रोग्रामने यंत्रणेला घालायची हाक दुसऱ्या विभागात. मोहल्ल्यात दोन अब्दुल असले की आपण बापाचे नाव जोडतो, तसेच हे.

पुढे भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही भाषा आणली. १९९४ च्या पर्ल ५ सोबत ‘पॉड’ ही माहिती लिहिण्याची साधी पद्धत आली. माहिती प्रोग्रामच्याच फाइलमध्ये राहते. दुवा द्यायचा तर ‘एल’ हे अक्षर, टोकदार कंस आणि आत मॉड्यूलचे नाव. त्यातले एखादे प्रकरण दाखवायचे तर नावापुढे तिरकी रेघ आणि प्रकरणाचे शीर्षक. वाचकाला वेगळे शब्द दिसावेत असे वाटले तर ते आधी लिहून उभी रेघ. बस्स, एवढेच! ते नाव कुठे सापडेल हे लिहिणारा सांगत नाही. पडद्यावर, कागदावर किंवा वेबवर दाखवणारे अवजार ते ठरवते. (आपल्या भाषेत ‘दुवा’ म्हणजे साखळीची कडीही आणि आशीर्वादही. रात्री अडलेल्या प्रोग्रामरला दोन्ही अर्थ पटावेत.)

सुरुवातीच्या अवजारांना एक खोड होती. नुसते नाव दिले की ती आपल्या मनाने त्याला ‘मॅनपेज’ वगैरे इंग्रजी शब्द चिकटवत. मजकूर दुसऱ्या भाषेत असला तर ते तांदळातल्या खड्यासारखे दाताखाली येणार. लेखकाच्या वाक्यात अवजाराने शब्द घुसडावेत, हे मला कवी म्हणून मुळीच मान्य नाही. ती खोड पुढे मोडली, हे बरे झाले.

नावाने दुवा देण्याचा फायदा २०१८ साली दिसला. पर्लच्या मॉड्यूलांचे ‘सीपॅन’ हे भांडार १९९५ पासूनचे. त्यात शोध घेण्याचे जुने, सर्वांच्या सवयीचे संकेतस्थळ त्या वर्षी बंद झाले. त्याचे पत्ते ‘मेटासीपॅन’ या नव्या स्थळाकडे वळवले गेले, म्हणून पूर्ण पत्ता लिहिणाऱ्यांचे निभावले. पण ते दुसऱ्याच्या सौजन्यावर. ज्यांनी नुसते मॉड्यूलचे नाव लिहिले होते, त्यांना त्या सौजन्याची गरजच नव्हती.

अर्थात नावही बदलते. कोणी प्रकरणाचे शीर्षक सुधारले की त्याकडे बोट दाखवणारा दुवा मुकाट्याने तुटतो. ‘पॉडचेकर’ नावाचे तपासनीस अवजार त्याच फाइलमधला तुटलेला दुवा दाखवून देते. दुसऱ्याच्या फाइलमध्ये काय बदलले हे मात्र त्याला कळत नाही. तिथे माणसालाच जाऊन बघावे लागते.