घरच्यासाठी राखलेल्या ओळी

आधी कंदील आत जातो, मग तुम्ही. या घरचे आजोबा, ज्यांना सगळे बाबुआ म्हणतात, दोरीला बांधलेला कंदील जमिनीतल्या भोकातून खाली सोडतात. ज्योत विझली तर तळाशी कर्बवायू साचलाय असं समजायचं आणि थांबायचं. ज्योत स्थिर आहे. खांदे तिरके करून तुम्ही क्वेव्रीत उतरता.

क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, खाली निमुळता होत गेलेला मातीचा रांजण. हा दोन हजार लिटरचा आहे. एक माणूस आत उभा राहून भिंती घासू शकतो. आतून मेणाचा हात दिलेला, म्हणून खालच्या गारव्यातही मधाचा मंद वास येतो. तुमच्या हातात चेरीच्या सालीच्या चकत्या दांड्यावर ओवून केलेला कुंचा आहे. आधी राखेचं पाणी, मग साधं, मग पुन्हा साधं. राख वेलींच्या छाटलेल्या काड्यांचीच. वरून बाबुआंचा आवाज येतो, "शेवटचं पाणी पिऊन बघा. पिववत नसेल तर अजून घासा."

सप्टेंबर संपत आलाय. जॉर्जियाच्या पूर्वेकडचा काखेती प्रांत, अलाझानी नदीचं खोरं, उत्तरेला कॉकेशसची बर्फाळ रांग. उद्या रत्वेली, म्हणजे द्राक्षांची तोडणी. तुम्ही पाणी पिता, चव कसलीच नाही, आणि वर हात करता.

वर ओढून घेणारा हात बाबुआंचाच आहे, पण पस्तिशीतला. साल १९८५.

अंगणापलीकडच्या रस्त्यावरून द्राक्षांनी खचाखच भरलेले ट्रक सरकारी कारखान्याकडे चाललेत. टेकडीपर्यंतचा मळा सरकारी शेतीचा. तिथे एकच जात, र्कत्सितेली, कारण ती भरभरून येते आणि काट्यावर वजन दिसतं. कारखान्यात माल गाळला जातो, तापवला जातो, बाटलीत भरून मॉस्कोकडे जातो. जॉर्जियात द्राक्षाच्या पाचशेहून अधिक देशी जाती आहेत. कारखान्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पुरतात. त्यात या मे महिन्यात गोर्बाचेव्हच्या सोव्हिएत सरकारनं दारूविरोधी मोहीम काढली आहे. पुढची दोनतीन वर्षं देशभर मळेच्या मळे उपटले जाणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तरुण बाबुआला माहीत नाही. तो तुम्हाला घाईनं स्वयंपाकघराच्या मागे नेतो.

तिथे मोजक्या ओळी आहेत. किसी, खिख्वी, म्त्स्वाने, एखादी सापेरावी, सगळं एकमेकांत मिसळलेलं. ओळींमध्ये घेवडा, खाली कोंबड्या. फवारणी म्हणाल तर गंधक आणि मोरचूद-चुना, तीही भुरी-केवडा दिसला तर. "ती तिकडची विकायला," तो ट्रककडे हात करून म्हणतो, "ही प्यायला."

हे वाक्य तुम्ही आधी ऐकलं आहे. आपल्याकडेही बागेच्या कडेचे चार वाफे वेगळे असतात, त्यांवर औषध मारत नाहीत, आणि पाहुण्याला त्यातलीच भाजी मिळते. शेतकरी काय विकतो यापेक्षा तो स्वतः काय खातो हे विचारावं. तिथे खोटं बोलण्याचं कारण नसतं.

रात्री एका अखंड ओंडक्याच्या डोणीत द्राक्षं ओतली जातात आणि तुम्ही अनवाणी तुडवता. रस, साली, बिया, थोडे देठ, सगळं एकत्र क्वेव्रीत. यीस्टची पुडी नाही. सालीवर आणि या तळघरात जे आहे तेच कामाला लागतं. दोनेक दिवसांत रांजण खदखदू लागतो. वायूमुळे सालींचा जाड थर वर येतो आणि तो दिवसातून अनेकदा दांड्यानं खाली दाबावा लागतो, नाहीतर वरची साल सुकून आंबट होते. रात्री उठून दाबायची पाळी आज तुमची आहे.

आंबणं संपलं की थर आपोआप खाली बसतो, आणि निमुळत्या तळाची हुशारी इथे कळते. जड बिया सगळ्यांत खाली टोकात जातात, त्यांच्यावर साली आणि गाळाचा थर बसतो. बियांचा कडूपणा वरच्या वाइनपासून तुटतो. साली मात्र तिला रंग आणि तुरटपणा देत राहतात. मग दगडी झाकण, कडेनं ओली माती, आणि वसंतापर्यंत कुणी हात लावायचा नाही. भोवतालची जमीन सगळा हिवाळा एकसारखी थंड राहते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पांढऱ्या द्राक्षाची ही वाइन वर काढतात तेव्हा गडद मधासारखी दिसते.

वसंतात उरलेल्या चोथ्यापासून चाचा नावाची कडक दारू काढायची असते. या वर्षी ती रात्रीच काढावी लागेल, खिडक्या लावून. घरी दारू गाळणं तसंही बेकायदा, आणि आता तर माणसं लक्ष ठेवून आहेत. "नाही काढली तर चोथ्याचं काय करू?" तरुण बाबुआ विचारतो. टाकून देणं हा पर्याय त्याच्या डोक्यात येतच नाही.

तुम्ही शेजारच्या रिकाम्या क्वेव्रीत उतरता. या वेळी बाहेर डोकं काढताच धुराचा वास येतो.

साल १६१६. इराणच्या शाह अब्बासच्या फौजा काखेतीतून फिरल्या आहेत. हजारो माणसं मारली गेली, त्याहून जास्त हाकलून इराणात नेली. वेली बुडापासून तोडलेल्या आहेत. घरात कुणी नाही. क्वेव्री मात्र आहे तिथेच, कारण पुरलेला रांजण सहजासहजी फुटत नाही. आणि तुम्ही वाकून बघितलं तर एका बुंध्यातून हिरवा फुटवा आलाय. या वेली स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. वरून तोडली तरी तीच जात परत येते. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड येईल आणि जगभरच्या बागायतदारांना अमेरिकी खुंटावर कलमं बांधावी लागतील, जसा नाशिकचा शेतकरी डॉगरिजवर थॉमसन बांधतो. त्या वेली अशा तोडल्या तर खालून फुटेल तो नुसता खुंट.

काखेतीचा राजा तेइमुराझ, त्याची आई राणी केतेवान या वेळी शाहच्या कैदेत आहे. १६२४मध्ये शिराझमध्ये तिला हाल करून मारतील. ऑगस्टिनियन साधू तिचे काही अवशेष घेऊन गोव्याला येतील आणि जुन्या गोव्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये ठेवतील. ते चर्च पडेल, अवशेष ढिगाऱ्याखाली जातील. पुरातत्त्व खात्याला हाड सापडेल, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी होईल आणि २०२१मध्ये त्यातला भाग भारत जॉर्जियाला देईल. जुन्या गोव्यातला तो उभा राहिलेला मनोरा तुम्ही कधीतरी पाहिला असेल, फोटोही काढला असेल.

पुन्हा खाली, आणि फार खाली. आता तुम्ही क्वेव्रीत नाही. तिबिलिसीच्या दक्षिणेला, गदाच्रिली गोरा नावाच्या टेकाडावर, गोल मातीच्या घरांमध्ये उभे आहात. इसवी सनापूर्वी सुमारे ६०००. कुंभाराचं चाक अजून निघालेलं नाही. एक बाई मातीच्या वळ्या एकावर एक चढवत रांजण उभा करते आहे. जॉर्जियात सगळीकडे ‘आठ हजार वर्षांची क्वेव्री’ असं सांगतात, पण समोरचं भांडं क्वेव्री नाही. त्याचं बूड सपाट आहे. पुरायचे निमुळते रांजण पुष्कळ नंतरचे. आत मात्र द्राक्षाचाच रस आंबतो आहे. २०१७मध्ये अशा खापरांत द्राक्षाची खूण असलेलं टार्टारिक आम्ल सापडल्याचं प्रसिद्ध होईल. इराणच्या हाजी फिरूझमधल्या जुन्या वाइनमध्ये झाडाचा डिंक घातलेला होता. इथे त्याचा मागमूस नाही. ती बाई वळ्या चढवतच राहते, तुमच्याकडे बघत नाही.

बाबुआ वर ओढतात तेव्हा ते पुन्हा म्हातारे आहेत आणि तोडणी सुरू झालीय.

आता कारभार लेकीकडे आहे. २००६मध्ये रशियानं जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, निर्यातीचा बहुतांश एका रात्रीत बुडाला, तेव्हा ती शिकत होती. पण त्याआधीच, २०००मध्ये, इटलीचा वाइन बनवणारा योश्को ग्राव्हनर इथे येऊन क्वेव्री बघून गेला होता आणि त्यानं आपल्या मळ्यात क्वेव्री पुरायला घेतल्या होत्या. मॉस्कोचं दार लागलं तसं युरोप, अमेरिका, जपानमधून लोक विचारू लागले की, तुम्ही घरी पिता ती वाइन आहे का? २०१३मध्ये युनेस्कोनं या पद्धतीला अमूर्त वारशात घेतलं.

लेक तुम्हाला मळा दाखवते. तोडणीनंतर ओळींमध्ये मेंढरं बसतात, गवत खातात, खत देतात. काड्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजतात, तोने भट्टीत पाव लागतो, राख क्वेव्री धुवायला. चोथ्याची चाचा, चाचा निघाल्यावर उरलेल्या गाळाचं कंपोस्ट, ते परत वेलींना. पाहुणे याला ‘चक्राकार शेती’ म्हणतात तेव्हा ती हसते. विकत आणायला पैसे नव्हते म्हणून हे असं झालं, ती सांगते.

ती भोळी नाही. मोरचूद मातीत साचत जातं हे तिला ठाऊक आहे. नैसर्गिक म्हणवणारी कितीतरी वाइन नुसती बिघडलेली असते, उंदराच्या वासाची, हेही ती तोंडावर सांगते. रांजण नीट घासला नाही की तसंच होणार. आणि हे चक्र फाटकापर्यंतच चालतं. त्यापुढे जड काचेची बाटली, खोका, विमान, टोकियो.

संध्याकाळी जेवताना वाद निघतो. टोकियोच्या माणसानं स्वयंपाकघरामागच्या जुन्या ओळींची सगळी वाइन मागितली आहे, चांगल्या भावानं. लेक म्हणते, द्यायची, डोंगराकडच्या दोन एकरांत त्याच जाती लावू, येत्या चार वर्षांत तीही तयार होईल.

"आणि ती चार वर्षं मी काय पिऊ?" बाबुआ विचारतात.

"टेकडीवरची र्कत्सितेली."

"ती विकायची आहे," बाबुआ म्हणतात आणि तुमचा पेला मागच्या ओळींच्या वाइननं भरतात. लेक मोबाइलवर हिशेब करतच राहते.