‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न : भारतातील जुन्या जीपगाड्यांची खरेदी, पुनरुज्जीवन आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधाचे वर्ष, संशोधकाचे नाव आणि उत्पादनाचे आकडे यांना आपल्याकडे प्राधान्य दिले जाते. यंत्र वापरात आल्यानंतर ते कोणी चालवले, कोणी दुरुस्त केले आणि त्या ओघात ते कसे बदलत गेले, हा भाग मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. जीप हे याचे ठळक उदाहरण होय. जुन्या जीपगाड्या विकत घेऊन त्या पूर्वस्थितीत आणण्याचा छंद भारतात आता चांगलाच रुजला आहे. या छंदातून इतिहासाच्या अभ्यासकासमोर एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. भारतात अनेक दशके राबलेल्या जीपचे ‘मूळ स्वरूप’ नेमके कोणते? २०२१ पासून या प्रश्नाला कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

जीपचे भारतातील आगमन

अमेरिकी लष्कराने १९४० च्या उन्हाळ्यात हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाची मागणी १३५ उत्पादकांकडे नोंदवली. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील ‘अमेरिकन बँटम’ या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यानुसार पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी सादर केला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे काम मात्र १९४१ मध्ये ‘विलीज-ओव्हरलँड’ आणि पाठोपाठ ‘फोर्ड’ यांच्याकडे गेले. युद्धकाळात या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बनवल्या. आसाम, इम्फाळ आणि लेडो मार्ग या भागांतील युद्धप्रयत्नांमुळे त्यांपैकी अनेक गाड्या भारताच्या भूमीवर आल्या. युद्ध संपल्यावर लष्कराला नको असलेल्या गाड्यांची विक्री झाली आणि त्या खाजगी मालकांच्या हाती पडल्या.

दुसरा प्रवाह मुंबईतून सुरू झाला. १९४७ साली महिंद्रा बंधूंच्या कंपनीने ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपात अमेरिकेतून मागवल्या आणि १९४९ मध्ये माझगाव येथे जीपच्या जोडणीचे काम सुरू झाले. १९५४ मध्ये विलीजशी सहकार्याचा करार झाल्यावर भारतात निर्मितीची पायाभरणी झाली. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ ही जीप आपल्याकडे सर्वाधिक परिचित झाली. तिच्या इंजिनातील काही व्हॉल्व्ह माथ्यावर बसवलेले असल्याने इंजिनाची उंची वाढली होती. बॉनेटही त्यामुळेच उंच झाले. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिच्या वंशातील गाड्या त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिल्या.

स्वातंत्र्योत्तर ग्रामीण महाराष्ट्रात जीप ही शासनाची दृश्य खूण होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात गट पातळीवरील अधिकाऱ्याच्या फिरतीसाठी जीपच असे. पुढे साखर कारखाने, सहकारी संस्था, निवडणुकांचा प्रचार आणि दक्षिण महाराष्ट्रातील ‘वडाप’ या सर्व क्षेत्रांत जीपच्या कुळातील वाहने वावरली.

दुरुस्ती : एक समांतर निर्मितिप्रक्रिया

जीपच्या खरेदीविक्रीत ‘नव्यासारखी केलेली गाडी’ ही संज्ञा सुरुवातीपासूनच वादग्रस्त ठरली आहे. १९४८ मध्ये काश्मीरमधील लढाई चालू असताना लंडनमधील तत्कालीन भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या लष्करी जीपगाड्यांच्या खरेदीचा करार झाला. प्रत्यक्षात १५५ गाड्याच भारतात पोहोचल्या आणि त्याही लष्कराच्या उपयोगाच्या ठरल्या नाहीत. संसदेत गाजलेले हे प्रकरण ३० सप्टेंबर १९५५ रोजी शासनाने बंद केल्याचे जाहीर केले. त्याच्या राजकीय अंगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि, जुन्या यंत्राची ‘सुस्थिती’ कोणी व कोणत्या कसोटीवर ठरवायची, हा त्यातील तांत्रिक प्रश्न आजच्या खरेदीदारासमोरही तसाच उभा आहे.

वापरातील जीप स्थिर राहिली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि अनेक मालकांनी मूळ पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवले. सहा व्होल्टची विद्युतव्यवस्था बारा व्होल्टची झाली. अधिक माणसे बसावीत म्हणून मागचा भाग वाढवला गेला. हरियानातील मंडी डबवाली हे गाव तर जीपची नव्याने बांधणी करण्यासाठीच प्रसिद्धीस आले. हे सर्व बदल कारखान्याच्या आराखड्यात नव्हते. ते गॅरेजमधील मिस्त्रींनी केले. उपलब्ध साहित्य, इंधनाचा दर आणि मालकाची ऐपत यांचे गणित मांडून केलेली ती स्वतंत्र रचनाच होती. या कारागिरांची लेखी कागदपत्रे फारशी आढळत नाहीत. त्यांचे काम नोंदवणारा मुख्य पुरावा म्हणजे ती गाडीच होय.

खरेदी : वाहन हाच दस्तऐवज

जुनी जीप विकत घेताना जाणकार ज्या खुणा पाहतात, त्या इतिहासाच्या साधनचिकित्सेशी जुळणाऱ्या आहेत. युद्धकालीन विलीजच्या सांगाड्याची पुढील आडवी पट्टी नळीसारखी गोल असते. फोर्डच्या गाडीत ती उलट्या ‘यू’ आकाराची असते. फोर्डने अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. युद्धकालीन पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, तर १९४५ मध्ये आलेल्या नागरी ‘सीजे-२ए’ गाडीत त्या सात असून दिवे आकाराने मोठे आहेत.

यातील कोणतीही एक खूण निर्णायक मानता येत नाही. साठच्या दशकातील सीजे-३बी गाडीचे बॉनेट कापून खाली आणणे, तिला नऊ फटींची जाळी लावणे आणि हिरवा रंग देऊन ती ‘१९४२ ची लष्करी जीप’ म्हणून विकणे कठीण नाही. म्हणून सांगाड्यावरील क्रमांक, इंजिनावरील क्रमांक आणि आरसी बुकातील नोंद यांची परस्परांशी पडताळणी आवश्यक ठरते. क्रमांक जुळले नाहीत म्हणजे फसवणूकच झाली, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. रीतसर नोंद करून इंजिन बदललेल्या गाडीचे आरसी बुक हे त्या बदलाचे अधिकृत साक्षीपत्र असते.

पुनरुज्जीवन आणि कायदा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

जुन्या वाहनांना वारसा म्हणून मान्यता देणारे हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांतील बदल हे अपात्रतेचे कारण मानले, तर भारतीय जीपच्या आयुष्यातील सर्वात भारतीय भागच वारशाच्या बाहेर राहतो. येथे एक विसंगतीही दिसते. तेलसंकटानंतर लगेच बसवलेले डिझेल इंजिन आज स्वतःच पन्नाशीला पोहोचले आहे. पन्नास वर्षे हीच कसोटी असेल, तर तो बदलही ऐतिहासिक ठरावयास हवा.

वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात या प्रश्नाचा विचार पूर्वीच झाला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार वास्तूत निरनिराळ्या काळांत पडलेली सार्थ भर जपली पाहिजे. शैलीची एकरूपता हे संवर्धनाचे उद्दिष्ट नव्हे. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडी मंदिरांना ऑइल पेंट फासला जातो, तेव्हा अभ्यासक हळहळतात. जीपवरील वापराच्या खुणा घासून तिला चकचकीत हिरवा रंग देणे हा त्याहून फार वेगळा प्रकार नाही. जी गाडी कधी युद्धावर गेलीच नाही, तिच्यावर लष्करी पांढरा तारा रंगवला की एक खरा इतिहास पुसला जातो आणि त्या जागी एक खोटा इतिहास येतो.

समारोप

वरील विवेचनाचा अर्थ पुनरुज्जीवन करू नये असा नाही. गंजलेला सांगाडा आणि निकामी ब्रेक जपून ठेवणे हे संवर्धन नव्हे. चालती गाडी सुरक्षित असलीच पाहिजे. तथापि, गाडी उघडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घेणे, रंगाच्या थरांची नोंद ठेवणे, काढलेले भाग भंगारात न घालता चिठ्ठी लावून जपणे, जुने आरसी बुक सांभाळणे आणि पूर्वीच्या मालकांच्या व मिस्त्रींच्या मुलाखती घेणे एवढे पथ्य प्रत्येक खरेदीदाराला पाळता येईल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या तालुक्यातील जुन्या गॅरेजांपासून असे मौखिक संकलन हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक उपेक्षित साधन उपलब्ध होईल. हे काम लांबवण्यासारखे नाही. पेट्रोलची जीप डिझेलवर आणणारी कारागिरांची पिढी आज वार्धक्यात आहे. तिच्यानंतर साक्षीला उरतील त्या तिने घडवलेल्या गाड्याच, आणि त्याही ‘मूळ स्वरूपा’च्या हव्यासातून वाचल्या तरच.