वारसा, जमीन आणि भाषा : शशिकला काकोडकर यांची राजकीय कारकीर्द

#थ्रेड १/१५
१२ ऑगस्ट १९७३. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ३८ वर्षांच्या कन्येने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विधानसभेत येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झाले होते. वारशाने सत्ता मिळालेल्या नेत्याचे मोजमाप कशाने करावे? शशिकला काकोडकर यांची कारकीर्द या प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही, म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे.

२/१५
आधी पार्श्वभूमी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजेच 'मगो', सत्तेवर आला. पक्षाचे नेते बांदोडकर स्वतः खाणमालक होते. पाठीशी उभा होता तो मात्र हिंदू बहुजन समाज, विशेषतः कुळे आणि मुंडकार. विलीनीकरण, कुळांना संरक्षण आणि गावोगावी मराठी शाळा, ही या पक्षाची तीन आश्वासने होती.

३/१५
यांतील पहिले आश्वासन १६ जानेवारी १९६७ रोजी निकालात निघाले. जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. मात्र त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगो पुन्हा जिंकला. मतदाराने विलीनीकरण नाकारले, परंतु जमीन आणि शाळा देऊ करणारा पक्ष नाकारला नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

४/१५
मूळ ध्येय संपलेला पक्ष टिकला तो मुख्यतः 'भाऊसाहेब' या एका व्यक्तीभोवती. १९७० मध्ये पक्षातील काही आमदारांनी बंड केले, तरी बांदोडकरांनी सरकार वाचवले. पण त्या बंडाने एक गोष्ट उघड केली : नेता बाजूला झाला, तर पक्षाला एकत्र बांधणारे दुसरे सूत्र शिल्लक नव्हते. १९७३ मध्ये कन्येची निवड झाली, ती या पार्श्वभूमीवर.

५/१५
शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ चा. उच्च शिक्षण धारवाड आणि मुंबई येथे झाले. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर त्या देशातील तिसऱ्या महिला मुख्यमंत्री ठरल्या. गोव्याला आजपर्यंत दुसरी महिला मुख्यमंत्री लाभलेली नाही.

६/१५
त्यांच्या कारकिर्दीचा गाभा समजण्यासाठी तीन शब्द माहीत हवेत. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. कूळ म्हणजे ती जमीन कसणारा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा. मुंडकाराचे घर स्वतःच्या श्रमाचे, पण पायाखालची माती दुसऱ्याची. भाटकाराची मर्जी गेली, तर घरही जाण्याची भीती. त्यामुळे भाटकाराच्या घरची कामे करणे हा जणू राहण्याचा मोबदलाच होता.

७/१५
१९७५ मध्ये काकोडकर सरकारने मुंडकार संरक्षण कायदा आणला. मुंडकाराला घरातून मनमानीपणे हुसकावून लावण्यास त्याने प्रतिबंध केला. शिवाय, राहते घर आणि त्याखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. कायद्याच्या भाषेत ही एक तरतूद होती. गावाच्या भाषेत मात्र भाटकाराच्या अंगणात मान खाली घालून उभे राहण्याची सक्ती संपण्याची ती सुरुवात होती.

८/१५
त्याहून मोठे पाऊल पुढच्या वर्षी पडले. बांदोडकरांच्या काळातील १९६४ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले होते. मालकी दिली नव्हती. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा 'कृषकदिन' धरून कुळांना जमिनीचे मानीव खरेदीदार ठरवले. वडिलांनी कुळाला जमिनीवर टिकवले, तर मुलीने त्याला मालकीच्या उंबरठ्यावर आणले. वारशाच्या पलीकडचे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व येथे दिसते.

९/१५
अर्थात कायदा होणे आणि जमीन नावावर होणे यांत मोठे अंतर असते. जमीनमालकांनी या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले. अखेर १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने ती राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात समाविष्ट झाली. कूळ आणि मुंडकार यांची प्रकरणे मामलेदारांच्या कचेऱ्यांत पुढेही वर्षानुवर्षे रेंगाळली. हक्क देणारे सरकार कधीच गेले होते. हक्क मागणारे रांगेत उभे होते.

१०/१५
१९७७ ची निवडणूक ही त्यांची खरी परीक्षा. भाऊसाहेब नसताना, स्वतःच्या नेतृत्वाखाली लढलेली ही पहिली विधानसभा निवडणूक. आणीबाणीनंतर देशात जनता पक्षाची लाट होती. गोव्यात मात्र मगोने ३० पैकी १५ जागा जिंकून सत्ता राखली. विजय खरा होता, पण काठावरचा. ज्या सभागृहात निम्म्याच जागा आपल्या असतात, तेथे प्रत्येक नाराज आमदाराला किंमत येते.

११/१५
याच काळात रस्त्यावर दोन आंदोलने उभी राहिली. यांत्रिक ट्रॉलरमुळे किनाऱ्यालगतची मासळी हातची जाऊ लागली, म्हणून पारंपरिक रापणकार संघटित झाले. बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळावी, म्हणून विद्यार्थी पेटून उठले. हे दोन्ही घटक कूळ-भाटकार या जुन्या चौकटीत बसत नव्हते. गोवा बदलत होता आणि नव्या प्रश्नांसाठी जुन्या पक्षाकडे तयार उत्तरे नव्हती.

१२/१५
एप्रिल १९७९ मध्ये मगोचेच तीन आमदार बाजूला झाले आणि सरकार कोसळले. संघप्रदेशात राष्ट्रपती राजवट आली. पक्षांतरबंदी कायदा देशात यायला अजून सहा वर्षे होती. बांदोडकरांनी १९७० चे बंड पचवले, काकोडकरांना १९७९ चे पचवता आले नाही. हा केवळ व्यक्तिमत्त्वातील फरक नव्हे. १९७२ च्या तुलनेत जागा कमी होत्या आणि 'भाऊसाहेबांची कन्या' या ओळखीवर सहा वर्षे सरल्यानंतर आमदार बांधून ठेवता येत नव्हते.

१३/१५
जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो सात जागांवर आला आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. ताई काही काळ काँग्रेसमध्ये गेल्या. मग वडिलांच्या नावाने 'भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष' काढला; १९८४ मध्ये त्याला यश आले नाही. पुढे त्या मगोत परतल्या. नाव वारशाने मिळते. मतदार मिळतोच असे नाही, हा धडा या वर्षांनी दिला. वडिलांचे नाव थेट पक्षालाच दिले, तेव्हा ते सर्वांत कमी उपयोगी पडले, हे विशेष.

१४/१५
दरम्यान भाषावाद तापला होता. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य बनला. १९९० मध्ये काकोडकर शिक्षणमंत्री झाल्या. प्राथमिक शिक्षणाचे सरकारी अनुदान कोंकणी वा मराठी अशा मातृभाषेच्या माध्यमालाच द्यावे, हे धोरण त्यांनी आणले. परिणामी इंग्रजी माध्यमाच्या अनेक चर्चसंचालित शाळा कोंकणीकडे वळल्या. मराठीचा झेंडा घेऊन जन्मलेल्या पक्षाच्या मंत्र्याने कोंकणी शाळांचा पाया रुंद केला!

१५/१५
२०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनाचे नेतृत्व पंचाहत्तरी उलटलेल्या ताईंकडे आले. कधीकाळी एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले मराठीवादी आणि कोंकणीवादी त्या व्यासपीठावर शेजारी बसले. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. खुर्ची त्यांना वारशाने मिळाली, हे खरेच. पण मुंडकाराला घराचा हक्क वारशाने मिळालेला नव्हता. तो त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने मिळाला. राजकीय घराण्यातील नेत्याचा हिशेब मांडताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर असायला हव्यात.