गिरगोट्यांची कुळकथा

वहीच्या समासातल्या गिरगोट्या म्हणजे चित्रकलेची कच्ची, फसलेली पायरी, असं आपण धरून चालतो. मला हे कूळच चुकीचं लावलेलं वाटतं. गिरगोट्या जन्मल्या त्या लिहिणाऱ्याच्या घरी, लिहिण्याचा कंटाळा आलेला असताना. मन एका कामाला जुंपलेलं आणि हात मात्र मोकळा, अशी वेळ आली की त्या उमटतात. त्यांची गोडीही या जन्मातूनच आलेली आहे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा रशियातल्या नोव्गोरोद शहराच्या मातीत सापडला. तिथल्या ओल्या, चिकट थरांमध्ये भूर्जाच्या सालीवर कोरलेला मजकूर शतकानुशतकं टिकून राहतो. १९५१ पासून अशा हजाराहून अधिक साली वर आल्या. त्यांत देण्याघेण्याच्या नोंदी आहेत, घरचे निरोप आहेत, भांडणंही आहेत. १९५६ मध्ये ओनफिम नावाच्या एका मुलाच्या साली निघाल्या. काळ तेराव्या शतकाच्या मध्याचा. मुलाचं वय अभ्यासकांच्या अंदाजाने सहा-सात वर्षांचं. एका सालीच्या कोपऱ्यात त्याने मुळाक्षरं कोरायला घेतली. दहा-बारा अक्षरं झाली आणि अभ्यास तिथेच थांबला. उरलेल्या जागेत एक घोडेस्वार आला, खाली पडलेल्या शत्रूच्या अंगात भाला खुपसणारा, आणि शेजारी नाव ओनफिमचं स्वतःचं. त्याच्या चित्रांतल्या माणसांचे हात दाताळ्यासारखे आहेत. बोटं कधी तीन, कधी चार, कधी त्याहून जास्त. दुसऱ्या एका सालीवर त्याने एक जनावर काढलं आणि ते जनावर म्हणजे आपणच, असं लिहूनही ठेवलं.

यावर कोणी म्हणेल, की ही गोडी चित्राची नाहीच. सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या लेकराचा हात दिसतो म्हणून आपल्याला गहिवरून येतं. आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्याच सालीवर आहे. ती मुळाक्षरंही त्याच लेकराने, त्याच हाताने, त्याच बसणीत कोरलेली आहेत. त्यांच्यापाशी आपण क्षणभर थांबतो आणि पुढे सरकतो. अक्षरं गिरवताना त्याला दुसऱ्याचं वळण उचलायचं होतं आणि ते त्याने बऱ्यापैकी उचललं. घोडेस्वाराला कित्ता नव्हता, तो कोणाला दाखवायचाही नसावा. त्यामुळे तो जसा चुकला तसा फक्त ओनफिमच चुकू शकत होता. वाईट चित्राची मोहिनी मला इथे दिसते: सफाईदार चित्रात परंपरेचा वाटा मोठा असतो, बेसफाई चित्रात काढणाऱ्याचा.

लेखनाच्या कितीतरी आधी माणूस गुहेच्या भिंतींवर चित्रं काढत होता, मग गिरगोट्यांचं मूळ तिथे का शोधू नये? कारण ती चित्रं हेच त्या वेळचं काम होतं. अंधारात दिवा घेऊन आत जायचं, रंग घोटायचा, खडकाच्या फुगवट्यात बैलाची पाठ हेरायची, यात रिकामपण कुठेच नाही. गिरगोट्यांना मुख्य काम दुसरं लागतं, मग ते लिहिण्याचं असो की नुसतं ऐकण्याचं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलीने भरायला सांगितलं होतं. नंतर त्यांना निरोपातला तपशील इतरांपेक्षा २९ टक्के अधिक आठवला. छापील आकार भरणं म्हणजे मनमुक्त गिरगोट्या नव्हेत आणि प्रयोगही छोटा होता. त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण रेघोट्या ओढणाऱ्याचं लक्ष नाही, असं समजून त्याला दटावणाऱ्यांनी थोडं थांबावं, एवढं बळ त्यात नक्की आहे.

लिखाणातून चित्र जन्मताना जवळून पाहायचं असेल, तर रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांकडे जावं. १९२४ मध्ये ते अर्जेंटिनात लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे होते आणि ‘पूरबी’ मधल्या कविता लिहीत होते. खोडलेला शब्द तसाच सोडून देणं त्यांना जमत नसे. एक खोडलेली ओळ खालच्या खोडलेल्या ओळीला रेघेने जोडायची, मधली जागा शाईने भरायची, आणि पानावर चोचीचं, वाकड्या मानेचं एखादं जनावर उभं राहायचं. त्याची मान किती लांब असावी हे कवितेत चूक कुठे झाली यावर ठरे. ओकाम्पोबाईंना ती वही फार आवडली. पुढे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, त्यामागे ओकाम्पोबाईंचीच खटपट होती. तोवर रवींद्रनाथ कोऱ्या कागदावरही चित्रं काढू लागले होते आणि पुढे त्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली. जाणकार त्या चित्रांना मोठं मानतात, ते योग्यच आहे. तरी मला वहीतली पानं अधिक ओढतात. कोऱ्या कागदावर रवींद्रनाथांना आकार निवडावा लागला. वहीत नको असलेल्या शब्दांनी तो आधीच आखून दिला होता आणि हाताला फक्त त्यांच्या मागे जायचं होतं.