कोठीतली ती दोन मुले कुठे गेली?

गणपतीच्या दिवसांत आरती, प्रसाद आटोपला की आमच्या मंडळातली शाळा-कॉलेजची मुले मांडवामागे घोळका करून बसतात आणि भुताच्या गोष्टी रंगतात. त्यात एक जागा हटकून येते, ती म्हणजे कोठीची जुनी रेसिडेन्सी. आमच्या काही मुली त्या आवारातल्या महिला महाविद्यालयात शिकल्या आहेत. बंद दरबार हॉलमध्ये संध्याकाळी पैंजण वाजतात, बाईसाहेब आपल्या मुलांना शोधत जिन्यावरून फिरतात, असे त्या आवाज खाली करून सांगतात.

आमची नोकरी सरकारी बांधकामाची. त्यामुळे पैंजणांचा उलगडा आम्ही आमच्या परीने करू शकतो. दिवसभर तापलेले सागवानी वासे रात्री थंड होताना कडकडतात, चुन्याच्या भिंतीतून पोपडे गळतात, वटवाघळे छताशी फडफडतात. रिकाम्या, उंच दालनात साधा खडा पडला तरी तो चार वेळा ऐकू येतो. पण एवढे सांगून गोष्ट संपत नाही. बाईसाहेब होत्या, त्यांची दोन मुलेही होती, आणि ती दोन्ही मुले एके दिवशी हैदराबादेतून गेली ती कधीच परत आली नाहीत, हे सारे खरे आहे.

या कथेची सुरुवात आपल्या इतिहासाला लागून आहे. मार्च 1795 मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. निजामाचा दिवाण अरिस्तु जाह, ज्याला आपल्या इतिहासात मुशीरुल्मुल्क म्हणतात, तो ओलीस म्हणून पुण्यात राहिला. पुढे सुटून तो हैदराबादेत परतला आणि पुन्हा दिवाण झाला. खर्ड्याच्या धसक्याने निजाम इंग्रजांकडे झुकला, 1798 मध्ये तह झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निजामाच्या पदरची फ्रेंच पलटण निःशस्त्र करण्यात आली. हे सगळे घडवून आणणारा इंग्रज रेसिडेंट होता जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. मद्रासेत जन्मलेला, फारसी जाणणारा, हैदराबादी पोशाख घालणारा. निजामाने त्याला हशमत जंग हा किताब दिला होता.

याच सुमारास खैरुन्निसा नावाची मुलगी या कथेत येते. मीर आलम तलाव ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या मीर आलमच्या नात्यातली, निजामाच्या चाकरीतल्या बाकर अली खानाची नात. वय चौदा-पंधरा, म्हणजे आज मांडवामागे बसून गोष्टी सांगणाऱ्या आमच्या मुलींएवढे. तिचे लग्न दुसरीकडे ठरलेले होते. तरी तिची आई शरफुन्निसा हिच्या संमतीने आणि अरिस्तु जाहच्या आधाराने तिचा निकाह कर्कपॅट्रिकशी झाला. त्यासाठी त्याने इस्लाम स्वीकारला. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्लीपर्यंत बातमी गेली, चौकशी झाली, नोकरी जाता जाता वाचली. मार्च 1801 मध्ये मुलगा झाला, तो साहिब आलम. एप्रिल 1802 मध्ये मुलगी झाली, ती साहिब बेगम.

आज आपण कोठी म्हणून ज्या भागातून रोज बसने जातो, त्याला नाव मिळाले ते याच रेसिडेंटच्या कोठीवरून. या इमारतीचे काम 1803 मध्ये सुरू झाले. आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युएल रसेलचा, पैसा निजामाचा. समोर सहा प्रचंड खांब आणि दगडी सिंह. मागच्या अंगाला बेगमसाठी रंगमहाल होता. बेगम पडद्यात असल्याने तिला मोठ्या इमारतीची पुढची बाजू पाहता येईना, म्हणून कर्कपॅट्रिकने तिच्या बागेत त्याच इमारतीची छोटी प्रतिकृती करवली, अशी आख्यायिका आहे. ही प्रतिकृती अजून तिथे आहे. रंगमहाल मात्र 1860 च्या सुमारास पाडला गेला. तोपर्यंत हवा पालटली होती. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच कोठीवर हल्ला केला होता, आणि इंग्रज साहेबाची हिंदुस्थानी बेगम ही आठवणसुद्धा पुढच्या साहेबांना नकोशी झाली होती.

आता मुलांची हकीकत. त्या काळी कंपनीच्या अधिकाऱ्यांची मिश्र रक्ताची मुले हिंदुस्थानात राहिली तर त्यांना चांगली नोकरीही मिळत नसे. म्हणून बापाने ठरवले की मुलांना इंग्लंडला आजोबांकडे पाठवायचे. 1805 मध्ये, साडेचार आणि साडेतीन वर्षांची ही पोरे मद्रासेहून जहाजात बसली. जाण्यापूर्वी जॉर्ज चिनरी या चित्रकाराने हैदराबादी पोशाखात त्या दोघांचे मोठे चित्र काढले. मुलांना निरोप दिल्यावर महिना-दीड महिन्यात, 15 ऑक्टोबर 1805 रोजी, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलमचा विल्यम जॉर्ज झाला आणि साहिब बेगमची कॅथरीन ऑरोरा, म्हणजेच किटी. हैदराबादची दोन मुले कागदावरून नाहीशी झाली ती इथे. त्यांना कुणी पळवले नव्हते, मारले नव्हते. फक्त नाव, भाषा आणि धर्म बदलला. आईशी पत्रव्यवहारसुद्धा होऊ दिला गेला नाही.

एकोणीस-वीस वर्षांची विधवा खैरुन्निसा कलकत्त्याला नवऱ्याच्या कबरीपर्यंत गेली. तिथे कर्कपॅट्रिकचा सहायक हेन्री रसेल याने तिला आधार दिला, मग प्रेम दिले, आणि पुढे मच्छलीपट्टणमला तिला ठेवून दुसरीशी लग्न केले. सप्टेंबर 1813 मध्ये ती हैदराबादेत वारली. वय अवघे सत्तावीस. मुले गेल्यापासून आठ वर्षांत तिला त्यांचे दर्शन झाले नाही. इतक्या दुःखावर लोकांनी एक भूत उभे केले तर नवल नाही.

विल्यम 1828 मध्ये तरुणपणीच गेला. किटी मात्र जगली. थॉमस कार्लाईल हा पुढे मोठा झालेला लेखक तिच्यावर लुब्ध होता. तिचे लग्न एका लष्करी कॅप्टनशी झाले. ती इंग्रज बाई म्हणून राहिली, पण आठवण पुसली गेली नव्हती. एकदा रसेलच्या इंग्लंडमधल्या घरी तिने भिंतीवर चिनरीचे ते चित्र पाहिले आणि ती रडू लागली. जरीच्या पोशाखातली ती लहान मुलगी आपण आहोत, हे तिला कळले. पुढे ते चित्र तिलाच मिळाले.

मग 1841 च्या सुमारास तिला समजले की हैदराबादेत तिची आजी शरफुन्निसा अजून जिवंत आहे. जवळजवळ 36 वर्षांनी आजी-नातीची पत्रे सुरू झाली. नात इंग्रजीत लिहायची, आजीची पत्रे फारसीत असत, आणि मध्ये कुणीतरी तर्जुमा करी. रक्ताच्या दोन माणसांना एकमेकींचा शब्द परक्याच्या तोंडून ऐकावा लागला. 1847 मध्ये आजी वारली. भेट झालीच नाही. किटी 1889 पर्यंत जगली.

1949 पासून त्या वास्तूत मुलींचे महाविद्यालय आहे आणि आता तिथे महिला विद्यापीठ आहे. जी मुलगी पडद्यामुळे इमारतीचा दर्शनी भाग पाहू शकत नव्हती, असे सांगतात, तिच्या वयाच्या हजारो मुली आज त्याच पायऱ्या चढून गेल्या आहेत. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने अलीकडे इमारतीची दुरुस्तीही झाली. वासे बदलले, गिलावा नवा झाला. पैंजण आता कमी वाजत असतील.

पण आम्हाला भीती वाटते ती पैंजणांची नाही. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत आपली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या घरांतली मुले आज डॅलस, टोरांटो, सिडनीला आहेत. त्यांना कुणी जबरदस्तीने जहाजात बसवले नाही, आपणच आनंदाने विमानतळावर सोडून आलो. व्हिडिओवर नातवंडांचा चेहरा रोज दिसतो. तरी आजी मराठीत काही विचारते, नात आईकडे पाहते, आणि आई मध्ये तर्जुमा करते. शरफुन्निसा आणि किटी यांच्यात सात समुद्र आणि 36 वर्षे होती. आपल्यात तेवढेही अंतर नाही.

म्हणून मुलांनो, रेसिडेन्सीची गोष्ट जरूर सांगा, रंगवूनही सांगा. मात्र तिच्यातल्या बाईला नुसती भूत म्हणू नका. तिचे नाव खैरुन्निसा होते आणि तिच्या मुलांची नावे साहिब आलम आणि साहिब बेगम. गोष्ट सांगताना ही तीन नावे घ्या. आणि सुट्टीत परदेशातली भावंडे आली की त्यांना एकदा कोठी दाखवून आणा, आणि घरी आल्यावर ही गोष्ट आजीला मराठीतून सांगायला लावा.

गणपती बाप्पा मोरया!