झाऊ, चिंच आणि एक नदी

टॅमरिंड म्हणजे चिंच. तेव्हा टॅमरिस्क ही तिचीच कुणी चुलत बहीण असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. चिंचेचं ते नाव अरबी: तमर हिंदी, हिंदचा खजूर. टॅमरिस्क मात्र आपला झाऊ निघाला. बारीक खवल्यांसारखी पानं, गुलाबी तुरे, मुक्काम नदीच्या पात्रात. याचा खजुराशी संबंध काय?

बहुधा काही नाही. रोमन लेखक प्लिनी पहिल्याच शतकात लॅटिनमध्ये हे नाव देतो. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इसिडोरने ते ‘अमारितूदो’, म्हणजे कडूपणा, यातून काढलं. व्युत्पत्तीच्या बाबतीत या महाराजांचा हात सढळ. सुरुवातीचा ‘त’ कुठून आला, हे विचारायचं नाही! शिवाय खाऱ्या जमिनीतल्या झाऊची फांदी चाटली तर आधी लागतं ते मीठ. पानांतल्या ग्रंथी ते बाहेर टाकतात आणि फांदीवर पांढरी पूड धरते. इंग्रजीतलं सॉल्ट सीडर त्यावरूनच.

मी नदीच्या बाजूचा. स्पेनच्या वायव्येला, गॅलिसियात, रोमन काळी तामारिस नदी होती, आजची तांब्रे. काठी तामारिसी नावाची जमात. आक्षेप असा, की गॅलिसिया म्हणजे स्पेनचं कोकण, आणि झाऊ कोरड्या मुलखातला. मान्य. पण तांब्रे खाडीला मिळते, आणि खाडीकाठ झाऊला मानवतो. नदीवरून झाड की झाडावरून नदी, एवढंच भांडण मी शिल्लक ठेवतो.

पुढे नदीचं नाव लावणाऱ्या या झुडपावर नदी पिऊन टाकल्याचा आळ आला. अमेरिकेतल्या रोपवाटिकांनी 1820 च्या दशकात ते बागेसाठी विकलं. पश्चिमेकडे ते कुंपणाबाहेर पडलं. गॅस्किन आणि शाल यांनी 2002 मध्ये डीएनए तपासला, तर तिथला सर्वांत बोकाळलेला झाऊ संकरित निघाला. त्याचे आईबाप आशियात एकमेकांपासून दूर. सोयरीक जुळली ती अमेरिकेत. एक झाड दिवसाला 200 गॅलन पाणी पितं, असं सर्रास सांगितलं जाई. 2007 च्या एका आढाव्यात तो आकडा 122 लिटरच्या आत आला.

पानं खायला 2001 मध्ये आशियातले भुंगेरे सोडले. तोवर विलो फ्लायकॅचर या पक्ष्याची नैऋत्येतली दुर्मीळ उपजात झाऊतच घरटी बांधू लागली होती. 2010 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भुंगेरे सोडणं थांबवलं.